‘कळवतो’ म्हणतात, आणि कळवत नाहीत!

कांदेपोह्यांचा कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकजणींनी केलेला आहे. साडी नेसायची, ट्रे घेऊन बाहेर यायचं, उंची किती, शिक्षण किती, गाता येतं का, या प्रश्नांना खाली बघून उत्तरं द्यायची. मग मंडळी उठताना म्हणणार, ‘‘बरंय, घरी जाऊन कळवतो.’’ त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. पोस्टमन दिसला की आईच्या पोटात गोळा! शेवटी कुणाकडून तरी निरोप यायचा, ‘पत्रिका जुळत नाही.’ ती खरंच जुळत नव्हती, की उंची नडली, की मुलाला आधीच दुसरी पसंत होती, हे कुणाला कधी कळलंय का?

आता कल्पना करा, हाच कार्यक्रम महिन्यातून सहा-सात वेळा करायचा. वर्षानुवर्षं. लग्न झाल्यावर, मूल झाल्यावरसुद्धा! आणि दर वेळी चेहरा असा ताजा, की जणू आजच पहिल्यांदा कुणी बघायला आलंय. नाटक-सिनेमाच्या धंद्यात याला ऑडिशन म्हणतात.

माझी एक भाची गेली अकरा वर्षं मुंबईत हे करते आहे. सख्ख्या बहिणीची मुलगी, सांगलीची. कॉलेजात एकांकिकांमध्ये बक्षिसं मिळवली, पुण्याला नाट्यशास्त्र शिकली आणि मुंबई गाठली. आता चौतीस वर्षांची आहे. नवरा नोकरीत, एक पाच वर्षांचा मुलगा, सासूबाई जवळच असतात. तुम्ही तिला नक्की पाहिलं असेल. कुठल्याशा मालिकेत कोर्टात उभी राहणारी वकीलबाई, जाहिरातीत मुलाला दातांच्या डॉक्टरकडे नेणारी आई, सिनेमात दोन वाक्यं बोलून जाणारी नर्स. पण नाव विचाराल तर तुम्हाला सांगता येणार नाही. या धंद्यात बहुतेकजण असेच असतात. ना तारा, ना बेकार. काम करून पोट भरणारे.

ताऱ्यांच्या मुलाखती सगळेच छापतात. मला आज लिहायचंय ते या मधल्या लोकांबद्दल. कारण आता आपल्या लहान गावांतूनही मुली आणि मुलगे या वाटेने निघाले आहेत, आणि त्यांच्या आया, सासवा, वहिन्या भेटल्या की काळजीने एकच विचारतात, ‘‘सारखा नकार ऐकून पोरीचं मन कसं हो टिकायचं?’’

पूर्वी हे असं नव्हतं. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून होत आल्या, पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक सुरू झाला. तिथे कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं की बोलावणं यायचं. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची, ती दिग्दर्शकाच्या नजरेस पडली आणि सिनेमात गेली. दरवाजे थोडे होते, पण उमेदवारही थोडे होते. आता वाहिन्या किती, मोबाइलवरच्या मालिका किती, जाहिराती किती! आणि एका भूमिकेसाठी रांगेत शंभर माणसं. तेवढ्यांना पारखायला कास्टिंग डिरेक्टर नावाचा वेगळा माणूस असतो, त्याच्या हाताखाली दोन-चार पोरं असतात. अंधेरी-वर्सोव्याला आरामनगर म्हणून भाग आहे. तिथल्या बैठ्या घरांमधून यांची छोटी छोटी ऑफिसं आहेत. कुठल्याही दिवशी दुपारी गेलात तर दारांशी मुलं-मुली भिंतीकडे तोंड करून पुटपुटत उभी दिसतील. वेडी नाहीत हो, संवाद पाठ करताहेत!

आत गेलं की कॅमेऱ्यासमोर आधी नाव, वय, उंची सांगायची. मग डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा. जाहिरात असेल तर हातसुद्धा दोन्ही बाजूंनी दाखवायचे, कारण साबण किंवा चहाचा कप धरायचा असतो ना! मग दीड-दोन मिनिटांचा प्रसंग. झालं. बाहेर. कित्येकदा तर आत जायचीही वेळ येत नाही. दारातला विशीतला पोरगा एकदा वर-खाली बघतो आणि म्हणतो, ‘‘नॉट फिट.’’ पावसात दोन लोकल बदलून, डब्यात धक्के खाऊन, इस्त्रीची साडी सांभाळत आलेल्या बाईला दोन शब्द! भाची म्हणते, पहिली दोन वर्षं ते शब्द कानात घेऊन ती झोपायची.

मैत्रिणींनो, ‘नॉट फिट’चा अर्थ मला ज्या दिवशी नीट कळला, तेव्हा मी मॅचिंग सेंटरमध्ये उभी होते. साडी काउंटरवर पसरलेली, आणि दुकानदार एकामागून एक ब्लाउजपीस टाकत होता. हा जरा गडद, तो जरा पिवळट, तिसऱ्याचा पोत वेगळा. तीस कापडं नाकारली मी. त्यातलं एक तरी वाईट होतं का? उलट दोन तर इतकी सुरेख होती की वेगळी साडी असती तर तीच घेतली असती. कापडाचा दोष नव्हता, साडी आधी ठरलेली होती.

भूमिकांचंही असंच आहे. नायकाची उंची ठरलेली असते, तर बहीण त्याच्या खांद्याच्या वर जाऊन चालत नाही. आईची भूमिका आधीच कुणाला दिलेली असते, तर मुलगी तिच्यासारखी दिसायला हवी. जाहिरातीत एका चहाचं काम केलं, की करार संपेपर्यंत दुसऱ्या चहावाल्याकडे प्रवेश नाही. दिग्दर्शकाला पसंत पडलं तरी वाहिनीची माणसं असतात, जाहिरातीत कंपनीची माणसं असतात, त्यांचं ‘हो’ शेवटचं. कधी तारखा जुळत नाहीत. कधी भूमिकाच कथेतून काढून टाकतात! आणि हो, वयाचा जाच बायकांनाच जास्त. तिशी ओलांडली की नायिकेची मैत्रीण एका रात्रीत नायिकेची वहिनी होते, आणि पस्तिशीला तिला तिच्याहून दहाच वर्षांनी लहान असलेल्या नटाची आई व्हायला सांगतात. हे मला मुळीच पटत नाही, पण आहे हे असं आहे.

तेव्हा दहा नकारांमध्ये, अभिनय कमी पडला म्हणून आलेले नकार थोडेच असतात. अडचण एवढीच की कुठला नकार कशामुळे आला, हे सांगत कुणी नाही. ‘कळवतो’ म्हणतात, आणि कळवत नाहीत. मग माणूस रिकामी जागा स्वतःच्या दोषांनी भरतो. माझं नाक, माझा रंग, माझा आवाज, माझं सांगलीचं मराठी!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एका मोठ्या मालिकेत थोरल्या जावेची भूमिका होती. भाचीची ऑडिशन झाली, पुन्हा बोलावलं, मग लूक टेस्ट झाली. म्हणजे पूर्ण साडी-दागिने घालून, मेकअप करून फोटो काढतात. तारखा घेतल्या. ‘तुम्ही लॉक आहात’ म्हणाले. लॉक म्हणजे ठरलं, असं आपण समजतो. तिने एका नाटकाचा दौरा सोडला. इकडे माझ्या बहिणीने गल्लीत पेढे वाटले. आणि शूटिंगला चार दिवस असताना भाचीला कुणाच्या तरी मोबाइलवर सेटवरचा फोटो दिसला. थोरल्या जावेच्या जागी दुसरीच बाई! फोन करायचं सौजन्यसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं.

दोन दिवस ती उठली नाही. सासूबाईंनी पोराला सांभाळलं, नवऱ्याने पोळ्या बाहेरून आणल्या. सांगलीहून माझी बहीण फोनवर रडत होती, ‘‘लोकांना काय सांगू?’’ आणि नातेवाइकांचे फोन चालूच: ‘‘सकारात्मक राहा, यापेक्षा मोठं मिळेल!’’ तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, न्हायली, आणि प्रेशर कुकरच्या जाहिरातीच्या ऑडिशनला गेली. तीही मिळाली नाही, हे सांगायला हवं. कथा-कादंबरीत मिळाली असती.

मी तिला नंतर विचारलं, कशी गेलीस गं? ती म्हणाली, ‘‘मावशी, काम मिळवणं माझ्या हातात नाही. ऑडिशन देणं हेच माझं काम आहे. ते मी करून आले.’’

मला हे तिचं म्हणणं फार मोलाचं वाटतं. ‘मिळेलच’ असं मनाला सांगत राहणं, याला लोक सकारात्मक विचार म्हणतात. मला तर तो घातकी वाटतो. मनाला ‘मिळेलच’ म्हणून वचन द्यायचं आणि नाही मिळालं की दोनदा हरायचं, एकदा भूमिका आणि एकदा वचन. त्यापेक्षा आपल्या हातात काय आहे ते धरावं. संवाद चोख पाठ असणं. वेळेवर पोचणं. प्रसंगातली बाई कोण, तिला समोरच्याकडून काय हवंय, याचा आधी विचार करून जाणं. दीड मिनिटं मनापासून ते काम करणं. आणि दाराबाहेर आलं की ते दार मागे बंद करणं.

हे शेवटचं बोलायला सोपं! भाचीने त्यासाठी एक वही केली आहे, साधी शंभर पानी. घरी आली की तारीख, भूमिका, कपडे कुठले घातले होते, काय चांगलं जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढं लिहिते. निकालाचा रकानाच नाही वहीत! लिहून झालं की संवादाचे कागद फाडून टाकते आणि चहा टाकते. गेल्या वर्षीची वही मी चाळली. त्र्याहत्तर ऑडिशनांची नोंद होती. कामं किती मिळाली विचारलं, तर म्हणाली पाच. आणि त्या पाचात तिचं वर्ष बरं गेलं म्हणे! किराणा दुकानदाराने दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवला तर तो वेडा होईल, तसंच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसरं काम. आपल्याकडे समज असा की पोटासाठी नोकरी धरली म्हणजे कलेशी बेइमानी झाली. हे कुणी पसरवलं कोण जाणे! सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. रीमा लागू बँकेत नोकरी करून नाटकं करत. निळूभाऊ फुल्यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. अमरीश पुरी १९५४ साली स्क्रीन टेस्टमध्ये नापास झाले. मग त्यांनी कर्मचारी राज्य विमा निगमात नोकरी धरली आणि ती सांभाळून वर्षानुवर्षं नाटकं केली. ‘मिस्टर इंडिया’ मधला मोगॅम्बो आला तो १९८७ साली! ती नोकरी नसती तर मधली वर्षं कशी निघाली असती? भाची लहान मुलांची नाट्यशिबिरं घेते, डबिंग करते, पुस्तकं आवाजात वाचून देते. पैसे तर येतातच, पण ती म्हणते, आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आपल्याला ‘हो’ म्हणालेलं असलं की सात ‘नाही’ सोसतात.

आता घरच्यांविषयी, कारण ही पानं वाचणाऱ्या तुम्ही-मी घरच्याच आहोत. पंकज त्रिपाठी हे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून ते २००४ साली मुंबईत आले आणि २०१२ च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’पर्यंत बारीकसारीक कामं करत राहिले. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या पत्नी शाळेत शिकवत होत्या आणि घर त्यांच्या पगारावर चाललं होतं, हे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींतून सांगितलंय. नवरा नट आणि बायको कमावती, याचं जग कौतुक करतं. पण बायको नटी आणि नवरा कमावता असला, की लगेच ‘हौस’ म्हणतात! वर्षाला त्र्याहत्तर वेळा जी बाई घराबाहेर पडते, तिची ती हौस? काम करून दमून आलेल्या माणसाशी आपण जसं वागतो तसंच तिच्याशी वागावं, निकाल लागलेला असो वा नसो.

‘काय झालं गं? कळलं का?’ हा प्रश्न मात्र घरातून हद्दपार करावा. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, हे खरं. पण ऐकणारीला तो रोज नवा नकार असतो. कळलं तर ती आपण होऊन नाचत सांगेल! त्याऐवजी विचारावं, ‘‘आज कोण झाली होतीस?’’ वकील, नर्स, खाष्ट नणंद, काय असेल ते रंगवून सांगते आणि घरात हशा होतो. आणि पेढे? पेढे मालिका टीव्हीवर दिसल्यावर. त्याच्या आधी नाही. ही माझ्या बहिणीला दिलेली सक्त ताकीद आहे.

पैशांचं गणित वेगळं मांडावं लागतं. मालिकांचे पैसे काम केल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात, ही या धंद्यातली जुनी रीत. त्यामुळे जूनमध्ये खूप काम केलं म्हणजे जूनमध्ये पैसे आले असं होत नाही. मुलाची फी तर जूनमध्येच भरायची असते! सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय आहे ते दुसरं काम सोडू नये. हातात आलेल्या प्रत्येक चेकातला तिसरा हिस्सा न दिसणाऱ्या जागी टाकावा. भाचीने याच शिलकीवर २०२० चा टाळेबंदीचा उन्हाळा काढला.

‘पाच वर्षं देतो, नाही जमलं तर परत ये,’ अशी मुदत बरीच घरं घालतात. मुदत घालण्यात गैर नाही, पण ती ‘नाव झालं की नाही’ या मापाने नसावी. दरवर्षी एकदा शांतपणे बसून तीन गोष्टी पाहाव्यात: पोटापुरते पैसे येताहेत का, काम सुधारतंय का, आणि मुलगी आनंदात आहे का. तिन्हींना ‘नाही’ उत्तर आलं तर परत येण्यात कसली लाज? दोन चांगल्या नटी मी पाहिल्या, ज्या शाळेत नाटक शिकवायला लागल्या आणि झळाळून निघाल्या. आणि वय वाढलं म्हणून दारं बंद झाली, असंही नाही. नीना गुप्तांनी साठीच्या उंबरठ्यावर, २०१७ साली, ‘मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, कामाच्या शोधात आहे’ अशा अर्थाचं चारचौघांत जाहीर करून टाकलं. २०१८ मध्ये ‘बधाई हो’ आला. काम मागायला लाज न वाटणं ही मोठी कमाई आहे.

सावधगिरीचं थोडक्यात सांगते. ऑडिशनसाठी किंवा ‘नाव नोंदवायला’ कुणी पैसे मागितले की तिथून उठावं. मध्यस्थ आपला हिस्सा काम मिळून पैसे आल्यावर घेतो, आधी नाही. रात्री हॉटेलच्या खोलीवर ऑडिशन नसते. कुणी वावगं वागलं, तर २०१३ च्या कायद्याने तक्रार करता येते, मुलगी तिथे पगारी नोकरीत नसली तरीसुद्धा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायला हवी. नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि दोन दिवस रडणं निराळं. पण पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जेवण नाही, ‘मी कशालाच लायक नाही’ असं सारखं तोंडात येतंय, तर ते नुसत्या समजुतीने जाणारं दुखणं नव्हे. डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

कोरोनापासून बऱ्याच ऑडिशन घरीच होऊ लागल्या आहेत. संध्याकाळी सात वाजता मोबाइलवर दोन पानी प्रसंग येतो आणि सकाळी अकराच्या आत त्याचं चित्रण करून पाठवायचं असतं. म्हणजे आता सगळं घरच त्यात ओढलं जातं. समोरच्या पात्राचे संवाद कुणीतरी वाचायला लागतात, त्याला क्यू देणं म्हणतात. तुमच्यावर ही वेळ आली तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. मागे साधी, एकरंगी भिंत हवी. देवघर, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे नकोत. उजेड तिच्या तोंडावर पडावा, पाठीवर नाही. मोबाइल आडवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, डब्यांवर डबे रचून का होईना. आपण मोबाइलच्या अगदी शेजारी उभं राहायचं, म्हणजे तिची नजर बरोबर लागते. आपला आवाज माइकच्या जवळ असतो, म्हणून आपण हळू वाचायचं, आणि अभिनय मुळीच करायचा नाही! फक्त तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. पंखा आणि कुकर बंद.

भाचीच्या घरी हे काम सासूबाईंकडे आहे. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे वाचन स्पष्ट. खुनी, इन्स्पेक्टर, प्रियकर, सगळ्यांचे संवाद त्या एकाच स्वरात, हजेरी घेतल्यासारखे वाचतात. मागच्या महिन्यात मी तिथे होते, तेव्हा रात्री साडेदहाला चित्रण चालू होतं. तिसऱ्यांदा प्रसंग झाला, भाची म्हणाली, ‘‘झालं आई, हे चांगलंय, पाठवते.’’ सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘थांब. माझा ‘दार उघड’ जरा लवकर गेला. पुन्हा घे.’’